नाचणाऱ्यांचं पोट आणि विश्रांतीचा हक्क



नवरात्राची पहिली रात्र संपते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीपासून विरारपर्यंत घरोघर एकच प्रकार घडतो. अंथरुणातून उठायला निघालेला माणूस अर्ध्यातच थांबतो. पोटाला हात लावतो. पाय दुखतील हे त्याला ठाऊक होतं, पोटाचं काय? पाऊल तर पायांनी टाकलं, टाळी हातांनी दिली. मग शिंक आली तरी जीव का जातो? हसू आलं तरी पोट का धरावं लागतं?

तिसऱ्या दिवशी तर आणखी दुखतं. मग सुरू होतात घरातले सल्ले. कुणी म्हणतं, बेंबी सरकली, चोळून घे. कुणी म्हणतं, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय. कुणी म्हणतं, दुखतंय ना, मग आजही नाच, म्हणजे मोकळं होईल. कुणी वेदनाशामक गोळी हातावर ठेवतं. या चार सल्ल्यांपैकी किती खरे?

आजच्या व्याख्यानात चार गोष्टींचा विचार करायचा आहे. नाचताना पोटाचे स्नायू नेमकं काय करतात? ते का दुखतात, आणि इतक्या उशिरा का दुखतात? दुखल्यावर काय करावं, आणि कोणतं दुखणं घरी काढू नये? आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: दुखलेल्या पोटाला विश्रांती द्यायची, हे ज्याला परवडतं तो कोण आणि ज्याला परवडत नाही तो कोण?

पहिला मुद्दा. पोटाची पुढची आणि बाजूची भिंत मुख्यत्वे स्नायूंच्या चार जोड्यांनी बनते. मधोमध, बेंबीच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभा जाणारा सरळ स्नायू. डॉक्टर त्याला रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस म्हणतात. बाजूला दोन तिरके स्नायू, एक बाहेरचा, एक आतला. त्यांचे धागे एकमेकांना छेद देत जातात, म्हणून कंबर वळते. आणि सर्वांत खोल, पोटाभोवती वेढा घालणारा आडवा स्नायू.

या आडव्या स्नायूची कहाणी मोठी सुरस आहे. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी माणसांना उभं करून एवढंच सांगितलं, की हात झटकन वर उचला. तो उचलताना कोणता स्नायू केव्हा जागा होतो, हे त्यांनी मोजलं. हात उचलणारा खांद्याचा स्नायू कामाला लागण्याआधीच पोटाचा हा खोल स्नायू आवळलेला होता! म्हणजे हात हलायच्या आधी पोट तयारीला लागतं. आता दांडियाची एक रात्र डोळ्यांपुढे आणा. दर टिपरीला हात जातो, दर हाताआधी पोट आवळतं. एका रात्रीत किती वेळा? मोजदाद कुणी करावी!

पण नाचात पोट नुसतं आवळत नाही. लावणीतली नर्तिका मागे झुकते तेव्हा तिला खाली पडू न देण्याचं काम पोटाच्या सरळ स्नायूचं. तो ताणलाही जातो आणि त्याच वेळी भारही पेलतो. गिरकी घेऊन ती समेवर थबकते तेव्हा वेगात वळणारं धड रोखतात ते तिरके स्नायू. लेझीम खेळणारा पुढे वाकतो, उठतो, बाजूला झुकतो, पुन्हा उठतो. प्रत्येक वेळी पाठ आणि पोट आळीपाळीने एकमेकांना आवरतात. नाचणाऱ्याचं शरीर जिथे थांबतं, तिथे बहुधा पोट राबलेलं असतं.

ही जाण जगभरच्या नर्तकांना होती. मार्था ग्रॅहम यांनी १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये आपली नृत्यसंस्था काढली आणि जे तंत्र घडवलं, त्याचा पायाच धड आवळणं आणि सोडणं हा होता. ओटीपोटापासून निघालेलं आकुंचन कण्यातून वर जातं आणि मग हातापायांत उतरतं. त्याच दशकात कैरोमध्ये बदिया मसाबनी यांच्या रंगमंचावर ‘रक्स शर्की’ हे इजिप्तचं नृत्य नव्या रूपात उभं राहत होतं. त्यात तर पोटाचा एकेक भाग सुटा हलवण्याची कमाई वर्षानुवर्षं करावी लागते.

आणखी एक काम लोक विसरतात: श्वास. धाप लागली की श्वास जोराने बाहेर टाकणं हे पोटाच्या स्नायूंचं काम. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचता नाचता ‘गणपती बाप्पा मोरया’ची आरोळी ठोकणारा तरुण पोटाला दुहेरी राबवतो. फडावर गात गात नाचणारी कलावंतीण तर रात्रभर तेच करते. तेव्हा पोट का दुखतं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. त्याने काम केलं, म्हणून ते दुखतं.

दुसरा मुद्दा: उशिरा का? नाच थांबला रात्री. दुखणं सुरू झालं सकाळी. कळस झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. असं का?

लॅक्टिक अ‍ॅसिडची समजूत फार जुनी आहे आणि तिच्यामागे मोठी नावं आहेत. स्नायूंच्या कामाविषयीच्या संशोधनासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं. स्नायू राबले की लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं, ही गोष्ट त्यातून सर्वांच्या मनात ठसली, आणि लोकांनी पुढचं अनुमान स्वतःच जोडलं: तेच साठून राहतं आणि तेच दुखतं. पण मेहनत थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. जे रात्रीच निघून गेलं, ते परवा कसं दुखवेल?

१९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने याचा निकालच लावला. काही जणांना फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) सपाट आणि उतारावर असं ४५-४५ मिनिटं धावायला लावलं. सपाट धावताना लॅक्टेट वाढलं, पण नंतर स्नायू दुखले नाहीत. उतारावर धावताना लॅक्टेट वाढलं नाही, आणि दुखणं मात्र आलं. सिंहगड चढून उतरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दम चढताना लागतो. मांड्या दुखतात त्या उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मग खरं कारण कोणतं? त्याचा माग १९०२ सालीच थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने काढला होता. बोटाच्या स्नायूंवर प्रयोग करून त्याने सांगितलं, की उशिरा येणारं हे दुखणं थकव्यापेक्षा वेगळं आहे. स्नायूच्या आत काहीतरी बारीक तुटतं. पुढे जवळजवळ ८० वर्षांनी, १९८१ साली, स्वीडनमध्ये यान फ्रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना जिने उतरायला लावलं, त्यांच्या पोटरीचा बारीकसा तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्नायूच्या धाग्यांची सरळ, रेखीव मांडणी ठिकठिकाणी विस्कटलेली दिसली. ताणला जात असताना भार पेलणाऱ्या स्नायूत ही मोडतोड होते. मग शरीर तिथे दुरुस्तीला लागतं, सूज येते, तिथले मज्जातंतू हळवे होतात. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून दुखणं १२ ते २४ तासांनी जाणवू लागतं, २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि बहुतेकांचं पाच-सात दिवसांत ओसरतं.

आणि श्रोतेहो, यातली सर्वांत आशादायक गोष्ट अशी, की एकदा दुरुस्त झालेला स्नायू तेच काम पुन्हा करताना पूर्वीइतका दुखत नाही. एका वेळच्या मेहनतीचं हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. गरब्याची पहिली रात्र ज्यांना भोवते, त्यांना आठवी-नववी तेवढी भोवत नाही, ते यामुळेच. शरीर शिकतं. फक्त त्याला शिकायला सवड लागते.

इथून तिसरा मुद्दा निघतो: करायचं काय?

सर्वांत मोठा उपाय नाचण्याच्या आधीचा आहे. नवरात्राला तीन आठवडे असताना सुरुवात करावी. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास नाचावं. गिरक्या, वाकणं, झुकणं हळूहळू वाढवावं. वर्षभर खुर्चीत बसून एकदम चार तास नाचणं, यातच बहुतेक दुखण्यांचं मूळ आहे. नाचाआधी आणि नंतर स्नायू ताणून घेतले की दुखणार नाही, असं बरेच जण मानतात. तपासून पाहिलं तेव्हा त्याने दुखणं जवळपास कमी होत नाही असंच आढळलं. अंग गरम करून घ्यावं ते नाच नीट व्हावा म्हणून. दुखणं टळतं ते सरावाने.

दुखणं आलंच तर? पहिले दोन दिवस पोटाच्या बैठका, क्रंचेस, प्लँक बाजूला ठेवावेत. पडूनही राहू नये. सावकाश चालावं. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत, हाताने रेटा देत बसतं व्हावं. खोकला-शिंक येताना पोटावर उशी धरावी. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बरा वाटतो, तो घ्यावा. रात्रीची झोप भरून काढावी. घाम गेलेला असतो, म्हणून पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्यावं. डाळ-भात, उसळ, अंडी, दूध, जे घरात असेल ते पोटभर खावं; दुरुस्तीला प्रथिनं लागतात. हालचाल करता करता दुखणं सैल होत असेल तर ती हालचाल चालेल, वाढत असेल तर थांबावं. आणि परत नाचायचं ते आधीच्या निम्म्या वेळापासून.

गोळीचं काय? इबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं दुखणं दाबतात. पण उपाशीपोटी, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. गोळी घेऊन त्याच रात्री मैदानात उतरणं म्हणजे शरीराने दिलेली सूचना दडपून पुन्हा तेवढाच भार टाकणं. असं करू नये. आणि चोळणं? पाय, पाठ हलक्या हाताने चोळल्याने थोडा आराम पडतो. पोट मात्र बेंबी सरकली म्हणून कुणाकडून जोराने चोळून घेऊ नये. त्या पोटात अपेंडिक्सला सूज असेल तर?

आता हा भाग नीट ऐका. प्रत्येक पोटदुखी नाचाची नसते. नाचता नाचता बरगडीखाली टोचणारी कळ थांबल्यावर मिनिटांत जाते. ती वेगळी, आणि बिनधोक. पोटाच्या भिंतीचं दुखणं आणि आतल्या अवयवाचं दुखणं वेगळं ओळखण्याची एक साधी चाचणी फिलाडेल्फियाचे शल्यविशारद जॉन कार्नेट यांनी १९२६ सालीच दिली. रुग्णाला उताणं झोपवायचं, दुखरी जागा बोटाने दाबायची आणि त्याला डोकं-खांदे उचलायला सांगायचं. पोटाची भिंत आवळल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा भिंतीचं. कमी झालं तर बहुधा आतलं. तरी ही चाचणी डॉक्टरांच्या हातात शोभते, घरच्या निदानात नव्हे. घरी लक्षात ठेवायच्या त्या खुणा अशा. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं. ताप, उलट्या, फळीसारखं कडक झालेलं पोट. खोकताना फुगून येणारा गोळा. तो हर्निया असू शकतो. नाचताना अचानक तुटल्यासारखं वाटून नंतर पोटावर काळंनिळं पडणं. चार दिवसांनीही वाढतच जाणारं दुखणं. यांतलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठावा.

आणि दोन खुणा अशा, की ज्यांत एक तासही दवडू नये. कोकाकोलासारखी गडद लघवी: खूप स्नायू एकदम तुटले की त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसांत एरिक बायवॉटर्स यांनी हे पाहिलं आणि जगाला सांगितलं. उकाड्यात, पाण्याविना केलेल्या बेसुमार मेहनतीनेही तेच घडतं. दुसरी खूण, पोटाच्या वरच्या भागात दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ. त्याला पित्त समजून सोडा पीत बसू नये. तो हृदयविकार असू शकतो. २०२३च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, मैदानांजवळ रुग्णवाहिका उभ्या कराव्या लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने गरब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत मानाचं स्थान दिलं. वारसा ज्यांच्या शरीरांतून पुढे जातो, त्या शरीरांची काळजी हीसुद्धा वारशाचीच जपणूक आहे.

चौथा मुद्दा. आतापर्यंत सांगितलेला सगळा उपचार एका गृहीतावर उभा आहे: नाचणाऱ्याला दोन दिवस थांबता येतं. हौशी माणसाला येतं. पण ज्याचं पोट नाचण्यावर चालतं, त्याचं काय?

दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या जत्रा संपेपर्यंत फिरत राहतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. जत्रेच्या दिवसांत आज एक गाव, उद्या दुसरं. रात्री गण, गौळण, रंगबाजी, वग. पहाटे सामान ट्रकमध्ये, झोप प्रवासात. पायांत घुंगरांचं ओझं, कमरेला करकचून आवळलेली नऊवारी. कलावंतीण म्हणते, ‘अंग आंबलंय’, आणि पुन्हा चाळ बांधते. दुखण्याचा कळस तिसऱ्या दिवशी होतो असं शास्त्र सांगतं. तिच्या वाट्याला तो तिसरा दिवस रिकामा येतच नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेली ही थोर कलावंतीण. त्यांची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. ही हकीकत ऐकताना सभागृहं टाळ्यांनी दणाणतात. त्या धैर्याला दाद द्यायलाच हवी. पण त्या पोटाचा विचार कुणी केला?

गरोदरपणात सरळ स्नायूंच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात. पोर्तुगालमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५व्या आठवड्याला तपासलेल्या सगळ्याच स्त्रियांत हे अंतर पडलेलं आढळलं, आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांनीही ३९ टक्के स्त्रियांत ते तसंच होतं. अशा पोटाने गिरकी घ्यायची, मागे झुकायचं, वरच्या पट्टीत गायचं! बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आपल्याकडे आहे. ती रीत फडावरच्या बाईपर्यंत का पोचली नाही? त्या रात्री खेळ थांबवणं तिच्या हातात नव्हतं. खेळ थांबला तर सुपारी बुडते, आणि सुपारी बुडाली तर अख्ख्या फडाची चूल थंड राहते. विठाबाईंचं २००२ साली निधन झालं. २००६पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार कारकिर्दीच्या शेवटी मिळतो. विश्रांती कारकीर्द चालू असताना लागते.

परदेशात नर्तकांच्या शरीराचा स्वतंत्र विचार सुरू होऊन साडेतीन दशकं झाली. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये नर्तकांच्या दुखापतींसाठी हार्कनेस केंद्र सुरू झालं. १९९० साली नृत्यवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. नर्तक हाही खेळाडूइतकाच देह झिजवतो, हे तिथे मान्य झालं. आपल्याकडे पैलवानाच्या खुराकाची आणि मालिशीची चिंता गाव करतं. नाचणारीची चिंता कोण करतं?

काय करता येईल? यातलं काहीच अशक्य नाही. नारायणगावात राहुट्या लागतात, फड एका जागी येतात, तेव्हाच तिथे फिजिओथेरपिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचं शिबिर भरवता येईल. सुपारीच्या करारात आठवड्याला एक सुट्टीची रात्र लिहिता येईल आणि तिचा भार गावांनी, संस्थांनी, शासनाने वाटून घेता येईल. बाळंत झालेल्या कलावंतिणीला फडावर परतण्याआधी तपासणी आणि तोवरची उपजीविका मिळावी, यासाठी निधी उभा करता येईल. शहरातल्या गरबा मंडळांनी आणि नृत्यवर्गांनी उत्सवाच्या तीन आठवडे आधीपासून सरावाचे वर्ग घ्यावेत, मैदानात पिण्याचं पाणी, बसायला जागा आणि प्राथमिक उपचारांची खोली ठेवावी. लेझीम आणि ढोल-ताशा पथकांनी पहिल्याच दिवशी नवख्यांना पूर्ण वेळ उभं करू नये. पहिल्या आठवड्यात त्यांचा वेळ निम्मा ठेवावा.

ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळाकडेही एक मागणी आहे. यंदाच्या शिलकीतून एका फडाचा, एका हंगामाचा फिजिओथेरपीचा खर्च उचलावा, आणि त्या फडातल्या कलावंतिणींना पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर बोलावून, त्यांना त्याचा काय उपयोग झाला, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं. त्यावर निर्णय कार्यकारिणीने आजच्या सभेनंतर घ्यावा. आता श्रोत्यांचे प्रश्न घेऊ या.